हिरव्यातले माझे किती

सिडको, नाशिक
३ ऑगस्ट २०२५

तुझ्या त्या डबीनं काल माझ्या दिराला, कारभारीला, भर कारखान्यात लाल केला, आणि तू तिकडे पुण्यात पंख्याखाली बसून पगार घेतेस. हे आधी लिहिलं. आता बाकीचं.

चि. संजना हिला आजीचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

फोनवर मला तुझं बोलणं पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं. तुझी आई स्पीकर लावते, मग गल्ली ऐकते आणि मीच तेवढी ऐकत नाही. म्हणून लिहिते. अक्षर चुकलं तर लावून घे, इंजिनेर आहेस.

तू मे महिन्यात येऊन अंबडच्या आपल्या कारखान्यात मशिनी-मशिनीला डबी बसवून गेलीस. चालू मशीन हिरवी, थांबली की लाल. एक टीव्ही तुझ्या बापाच्या काचेच्या खोलीत, एक बाहेर भिंतीवर. पहिले दिवस माणसं क्रिकेटसारखं बघत होती. आता कोणी बघत नाही, सगळे घाबरतात.

कारभारीची लोखंड कातायची जुनी लेथ रोज लाल दिसते म्हणून काल तुझ्या बापानं, धम्मपालनं, त्याला बाहेर बोलावलं. शेजारच्या मशिनीवरच्या बहिरूसमोर, त्या माल तपासणाऱ्या राखीसमोर सांगितलं की काका, पुढच्या महिन्यापासून सायखेड्याला घरी आराम करा, आपला माल घेणारे कंपनीवाले हे सगळं तिकडे बसून बघतात. सख्खा पुतण्या. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून यानं चैत्यभूमी बघितली, त्याला म्हणे आराम करा. कारभारीनं मशीन पुसली, हात धुतले, बस धरली. जेवणाचा डबा कारखान्यातच विसरला, आणि तो डबा विसरणारा माणूस नाही.

तुझे आजोबा आणि तो, दोघांनी पहिली लेथ हातगाडीवर लादून आणली होती. मी मागून ढकलत होते. तेव्हा कुठला टीव्ही नव्हता, तरी माल होत होता आणि आम्ही जेवत होतो.

आता माझं काम ऐक. त्याच्या मशिनीची डबी काढून टाक. ते जमत नसेल तर रंग बदल. हिरवा नको तर निळा लाव, लाल तेवढा नको. त्याची बायको चतुरा गेल्यापासून त्या घरात तो एकटा आहे. कारखाना सुटला तर तो सकाळी उठून कुठं जाणार आहे, ते मला सांग.

तिकडे कॅन्टीनमधली पिवळी डाळ कमी खा. तोंड सुजल्यासारखं दिसतं फोटोत. लोभ ठेव, त्याबरोबर थोडं डोकंही ठेव.

तुझी आजी,
शकुबाई


चाकण, पुणे
११ ऑगस्ट २०२५

ती. आजीस,
स. जयभीम वि. वि.

पत्र मिळालं. आमच्याकडे मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बसून तुझं पत्र वाचलं. समोर पिवळी डाळच होती.

आजी, डबी काढता येणार नाही, आणि का ते तुला खरं सांगते. तुला आठवतं, कंपनीचा माणूस फोन करायचा की माल कधी येतो, आणि पप्पा सांगायचे की गाडी निघाली, घोटीच्या पुढं गेली असेल? माल तेव्हा मशीनवरच असायचा. तू हसायचीस. सगळेच तसं करायचे. पण आता कंपनीने सांगितलं आहे की ज्याची मशीनं आम्हाला इथून दिसतील त्यालाच काम देऊ. आपल्या समोरच्या शेडवाल्यांनी नको म्हटलं. त्यांचं काम गेलं, आता तिथे फर्निचरचं गोडाऊन आहे, तू येता-जाता बघतेसच. आपल्याला मात्र पंपात बसणाऱ्या बुशचं मोठं काम मिळालं. बहिरूभाऊ, राखीताई, सगळ्यांचे पगार त्यातून होतात.

डबी कोणाला वाईट म्हणत नाही. ती फक्त सांगते की मशीन थांबलं. का थांबलं ते तिला कळत नाही, ते माणसाने विचारायचं असतं. पप्पांनी विचारलं नाही, ही त्यांची चूक, आणि मी त्यांना तसं सांगितलं. मग म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू. तेव्हा दिवाळीपर्यंत कारभारी आजोबांना कोणी काही म्हणणार नाही.

तेवढ्यात तू एक काम कर. त्यांना विचार की मशीन मधेमधे का थांबवावं लागतं. पट्टा सैल असेल, मोटर गरम होत असेल, तर दुरुस्त करू. मी विचारलं तर ते मला अजून फ्रॉकमधली समजून चॉकलेट देतील.

तोंड सुजलेलं नाही, वजन वाढलं आहे. तुझा लोभ मला कमी पडत नाही, तुझे लाडू पडतात. येणाऱ्या कोणाबरोबर पाठव.

तुझी,
संजना


सिडको, नाशिक
१४ सप्टेंबर २०२५

चि. संजना हिला अ. आ. व जयभीम.

आता लाज वाटू दे. कारभारी पहिला आला!

तुझ्याच टीव्हीवरच्या नावांच्या यादीत, तुझ्याच डबीनं. गेला महिनाभर त्याच्या नावापुढं हिरवं ते हिरवंच. त्याला ते इंग्रजी नाव वाचता येत नाही, पण वरून कितवी ओळ ते राखीनं दाखवून ठेवलं आहे. येता-जाता मान वर करून बघतो आणि काही झालंच नाही असं दाखवतो. चाळीशी पुसून बघतो, म्हणजे बघतोच. परवा कंपनीचा साहेब आला, त्यानं हात मिळवला, फोटो काढला, धम्मपालनं गुच्छ दिला. तोच धम्मपाल. मी त्याला जेवताना विचारलं की आराम कोण करणार आता. मान खाली घालून भात खाल्ला.

तू म्हणाली तसं मी कारभारीला विचारलं होतं की मशीन का थांबवतो. म्हणाला, म्हातारी मशीन आहे वहिनी, गरम होते, दम खाऊ देतो. ते मला पटलं. मलाही दम खावा लागतो.

आणखी एक. नवीन मशीन आली आहे, ट्रकमधून उतरवायला क्रेन लागली. तिचं दार आपोआप लागतं, आतली पाती झिजली की आधीच तुझ्या बापाच्या मोबाईलवर निरोप येतो. धम्मपाल म्हणतो, टीव्हीवर दिसतं की काका एका वेळी दोन-दोन मशिनी सांभाळतात, तेव्हा नवीन मशीनही त्यांनाच द्यायची, जुन्या लेथीसोबत. दोन दिवस शिकवायला माणूस आला होता. आठ दिवसांत कारभारी एकटा चालवायला लागेल. त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं तू. लग्नातही एवढा फुलला नव्हता.

या गुरुवारी चतुराचा स्मृतिदिन होता. धम्मपाल पुण्याला मीटिंगला गेलेला, म्हणून कारभारी सकाळचं काम टाकून इकडे घरी आला. वंदना घेतली, खीर केली होती ती खाल्ली, आणि ऊन उतरेपर्यंत बसला. एरवी त्याला बसवत नाही. चतुरा असती तर तिला हिरवं दाखवायला नेलं असतं, एवढंच दोनदा म्हणाला. डाव्या हातानं जेवत होता, मी रागावले, तर म्हणाला बसच्या दांड्यानं उजवा मुरगळला. साठी उलटली तरी चालत्या बसला लोंबकळायची सवय जात नाही.

लाडू राखीच्या भावाबरोबर पाठवले आहेत, तो चाकणला येतो आहे. मोजून घे, तो रस्त्यात खाणारा आहे. माझ्यावरचा लोभ राहू दे, पण आधी माफी लिहून पाठव. मला नाही, कारभारीला.

तुझी आजी,
शकुबाई


चाकण, पुणे
१९ सप्टेंबर २०२५

ती. आजीस,
स. जयभीम वि. वि.

हे कुरिअरने पाठवते आहे, म्हणजे उद्या मिळेल. वाचून झालं की आईला दाखवू नकोस.

तुझं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की मी आजोबांचा आकडा माझ्या साहेबांना दाखवायला कॉम्प्युटरवर काढला. आणि मग तुझ्या पत्रातला गुरुवार बघितला. आजी, त्या गुरुवारी दुपारभर आजोबा तुझ्याकडे बसून खीर खात होते, आणि दुपारभर त्यांच्या नावावर नग पडत होते. तेही दोन मशीनवर.

आधी वाटलं आमचीच काहीतरी चूक. ती नाही. काय होतं ते सांगते. प्रत्येकाकडे एक कार्ड आहे. काम सुरू करताना ते डबीला टेकवायचं, मग त्या मशीनवर होणारे नग त्याच्या नावावर पडतात आणि टीव्हीवर त्याच्या नावाची ओळ हिरवी होते. एक माणूस दोन मशीन बघत असेल तर दोन्हीकडे टेकवता येतं. ती मोकळीक मीच ठेवली होती, कारण काही ठिकाणी खरंच तसं काम चालतं. आजोबांचं कार्ड दुसरं कोणीतरी टेकवतं आहे. आपले नग त्यांच्या नावावर घालतं आहे.

मला यात चोरी दिसत नाही, उलटंच दिसतं. पण पप्पांना सांगितलं तर ते पहिला प्रश्न कोणी केलं हा विचारतील, म्हणून अजून सांगितलेलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी लिहिताना माझा हात थांबतो आहे. त्या नवीन मशीनमध्ये नग पकडणारा जबडा असतो. नग हाताने आत धरायचा आणि पायाने खटका दाबायचा, की जबडा मिटतो. बोटं बाहेर काढल्यावर दाबायचा. चांगल्या हाताला त्यात काही नाही. डाव्या हाताने जेवतात हे तू सहज लिहिलंस. मला ते सहज वाटत नाही. पप्पांनी ते मशीन त्यांना दिलं ते हिरवा रंग बघून, आणि तो रंग त्यांचा नाही.

मी पप्पांना फोन करून सांगितलं की नवीन मशीनची डबी नीट बसलेली नाही, मी येईपर्यंत चालवू नका. हे खोटं आहे. पण दोन-चार दिवस मिळतील.

आजी, तू स्वतः कारखान्यात जा. टीव्हीवर बघू नकोस, त्यांच्या हाताकडे बघ. लाडू पोचले, मोजले नाहीत.

तुझी,
संजना


सिडको, नाशिक
२४ सप्टेंबर २०२५

चि. संजना हिला अ. आ. व जयभीम.

गेले होते. रिक्षावाल्याला वाटलं म्हातारी पगार मागायला चालली.

तुझा बाप काचेच्या खोलीत. पूर्वी मशिनी-मशिनीतून हिंडायचा, कपडे तेलानं काळे, मी धुवायचे आणि शिव्या द्यायचे. आता कपडे पांढरे. मी आत आले ते त्याला कळलं नाही, कारण माझ्याकडे कार्ड नाही.

कारभारीचं कार्ड चहाच्या किटलीवरच्या खिळ्याला टांगलेलं होतं. त्याला सांगितलेलं की हरवेल म्हणून आम्ही सांभाळतो. मी राखीला धरलं. ती तिथंच रडायला लागली, मग बहिरू आला. म्हणाला आजी, आम्हा सगळ्यांना मशीन चालवायला यांनी शिकवलं. माझा पहिला महिना मी माल खराबच केला, कारभारीबाबांनी तो आपल्या अंगावर घेतला, मालकाला कळू दिलं नाही. मग आता आम्ही रोज आळीपाळीनं थोडे थोडे नग त्यांच्या नावावर टाकतो. आमचं काय जातं?

मी विचारलं, आणि कारभारीला हे माहीत आहे का? नाही. त्याला माहीत नाही. तो ते हिरवं आपलं समजतो.

मग राखीनं जे सांगितलं ते ऐक. गेल्या आठवड्यात लोखंडाचा तापलेला छिलका उडून कारभारीच्या उजव्या तळव्याला चिकटला. कातडी जळाल्याचा वास हिला आला. तो नग पुसत उभा. हिनं ओरडून हात झटकला तेव्हा त्यानं बघितलं, आणि कोणाला सांगू नको म्हणाला. त्या हाताला काही कळतच नाही गं. कधीपासून ते तोच जाणे. जुनी लेथ तो मधेमधे थांबवत होता ती दम खायला नाही. प्रत्येक नगाला मशीन पूर्ण बंद करायचा, आपली बोटं कुठं आहेत ते डोळ्यानं बघायचा, आणि मग चालू करायचा. तेवढा वेळ ती लाल दिसायची.

म्हणजे तुझ्या डबीनं लाल दाखवला तेव्हा ती खरं बोलत होती. मी तिला नावं ठेवली. त्याचं ताट मी वाढते, त्याच्या शेजारी बहिरू उभा राहतो, धम्मपाल त्याचा पुतण्या, आणि त्या हाताचं कळलं कोणाला, तर त्या प्लास्टिकच्या डबीला. तिनं सांगितलं, आणि आम्ही तिचं तोंड हिरवं करून ठेवलं. सगळ्यांनी मिळून, मायेनं, त्याचा हात नेऊन त्या नवीन मशिनीच्या जबड्याशी ठेवला.

त्याला मी सांगितलं. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं, आणि मला जमलं असंही नाही, पण सांगितलं. शेडच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ नेलं. आधी हसला, त्याला वाटलं वहिनीची नेहमीची थट्टा. मग बहिरूकडे बघितलं. बहिरू जमिनीकडे बघत होता. कारभारीनं उजवा हात उलटा केला, सुलटा केला, दुसऱ्याची वस्तू बघावी तसा. मग त्यानं खिळ्यावरचं कार्ड काढलं, खिशात टाकलं, आणि गेला.

धम्मपालला सगळं सांगितलं. तो बहिरूला काढायला निघाला होता. मी म्हटलं, आधी ती काच काढ, मग बहिरूला काढ. दुसऱ्या दिवशी तोच सायखेड्याला जाऊन काकाला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला मानेतली नस दाबली गेली आहे, औषधानं हात येईल, नाहीही येणार, मशिनीला मात्र आता लावायचा नाही. एवढं ऐकून तुझा बाप त्याला परत घरी सोडून आला.

बहिरूला ठेवलं आहे. त्याला मी जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. तुझं ते डबी न बसल्याचं खोटं मी उघडं केलं नाही. आता तू कर. या कारखान्यात खरं बोलणारं सध्या एकच आहे आणि त्याला तोंड नाही. तब्येत सांभाळ, माया तर तुझी आहेच.

तुझी आजी,
शकुबाई


सायखेडा
५ ऑक्टोबर २०२५

चि. संजना हिस कारभारी आजोबाचा जयभीम व आशीर्वाद.

मी डाव्या हाताने लिहीत आहे, त्यामुळे अक्षर वेडेवाकडे येईल. माझी प्रकृती ठीक आहे. गोळ्या चालू आहेत. इथे टोमॅटोचा बाजार बरा आहे. नदीला पाणी भरपूर आहे.

तुझ्यावर माझा राग नाही. बहिरूवर, राखीवर पण नाही. धम्मपालवर होता, तो गेला. पोरांनी चांगल्या मनाने केले. पण मला माझ्याच मशीनपुढे खोटे करून ठेवले. मी रोज वर बघायचो. माझ्या वयाचा माणूस असा वर बघतो हे कोणाला तरी कळत होते, आणि ते गप्प राहत होते. रात्री बसमधून उतरल्यावर मी चतुराच्या फोटोला सांगायचो. ते आता परत घेता येत नाही.

एवढेच विचारायचे आहे. त्या हिरव्यातले माझे किती होते? तुमच्या यंत्राला कळत असेल तर सांग. काही नसतील तर काही नव्हते असे लिही. मी रोज सकाळी पहिली बस धरून येत होतो आणि दिवसभर उभा राहत होतो. त्यात काहीतरी झाले असेल. किती झाले ते मला माहीत पाहिजे.

कार्ड सोबत पाठवत आहे. ते पुन्हा खिळ्याला टांगू नये.

जेवणखाण वेळेवर कर. आठवण असू दे, ती मागायला मला संकोच वाटत नाही.

कारभारी


चाकण, पुणे
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस,
स. जयभीम वि. वि.

कारभारी आजोबांचं पत्र आलं. कार्डही. कार्डाचा एक कोपरा त्यांच्या बोटांनी झिजला आहे. आठवडा झाला, मी उत्तर दिलेलं नाही.

आजी, उत्तर माझ्याकडे आहे. डबी नुसते नग मोजत नाही, प्रत्येक नगाला किती वेळ लागला तेही ठेवते. बहिरूभाऊंचा हात भराभर चालतो. आजोबांच्या प्रत्येक नगाच्या आधी मशीन पूर्ण थांबतं, थोडा वेळ काहीच नसतं, आणि मग चालू होतं. तो थोडा वेळ म्हणजे ते आपल्या बोटांकडे बघत असणार. हे एकदा कळल्यावर त्यांचे नग वेगळे काढणं अवघड नव्हतं. मी दोन दिवस बसून काढले. दुसऱ्या कोणाचेही नाहीत, फक्त त्यांचे. आकडा मोठा नाही. काहीच नाही असाही नाही.

मी पत्र लिहायला घेतलं आणि आकडा थोडा वाढवून लिहिला. मग फाडलं. मग पुन्हा तसंच लिहिलं, पुन्हा फाडलं. माझ्या लक्षात आलं की राखीताईंनी कार्ड पहिल्यांदा टेकवलं तेव्हा त्यांना असंच वाटलं असेल.

डबीचं खोटं मी पप्पांना कबूल केलं. ते रागावले नाहीत, त्याचीच मला भीती वाटते. दोन मशीनची मोकळीक मी काढून टाकली आहे. आता कोणी एक कार्ड दोन ठिकाणी टेकवलं तर डबी ते घेणार नाही, पप्पांना उठून बघायला जावं लागेल. पप्पा फोनवर म्हणत होते की काकांचा मोठा सत्कार करू, शाल देऊ, कंपनीच्या साहेबांनाही बोलावू.

आजोबांचं पत्र, आणि एका वेगळ्या पाकिटात बंद करून आकडा, सोबत पाठवते आहे. त्याचं काय करायचं ते तू सांग. मला कळत नाही. तुझा लोभ असतोच, आज सल्लाही पाहिजे.

तुझी,
संजना


सिडको, नाशिक
१८ ऑक्टोबर २०२५

एका घरात राहतो, एका पंगतीला बसतो, तरी मला तुला पत्र लिहावं लागतं, कारण जेवताना तू मोबाईलमध्ये मशिनी बघतोस. तेव्हा हे ताटाखाली ठेवते आहे. भाजी संपल्याशिवाय ताट उचलायचं नाही.

चि. धम्मपाल यास आईचे आशीर्वाद व जयभीम.

तुला बोल लावायला लिहीत नाही. धंदा बदलला हे मला कळतं. गाडी घोटीच्या पुढं गेली असं आता सांगता येत नाही, बरं झालं. तुझ्या बापालाही ते सांगताना घाम फुटायचा. डबी आणलीस ते चूक नाही. डबी आणून तू बाहेर येणं सोडलंस, ते चूक. ती मशीन थांबली एवढं सांगते. माणूस का थांबला ते बघायला तुला पाय दिले आहेत. काच उद्या काढली नाहीस तरी चालेल, पण दार उघडं ठेव आणि दिवसातून काही वेळा कपडे काळे करून ये. मी अजून धुऊ शकते.

शालीचं डोक्यातून काढून टाक. साहेब नको, फोटो नको, गुच्छ तर नकोच. एक गुच्छ त्याला दिलास, तो कसला होता ते आता त्याला कळलं आहे. दुसरा दिलास तर तो नदीत टाकेल आणि मी त्याला अडवणार नाही.

त्यानं शाल मागितलेली नाही. नोकरी मागितलेली नाही. एक प्रश्न विचारला आहे, त्या हिरव्यातले माझे किती. त्याचं पत्र संजनानं मला पाठवलं, ते यासोबत ठेवलं आहे, वाच. डाव्या हातानं लिहिलं आहे. तो प्रश्न त्यानं पोरीला विचारला, कारण तुला विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्याला घरी बस तू म्हणालास, नवीन मशीन तू दिलीस, दोन्ही वेळा टीव्हीकडे बघून. हात एकदाही बघितला नाहीस.

संजनाचं पाकीट यातच आहे. मी उघडलेलं नाही. आकडा किती ते मला माहीत नाही आणि मला तो नको आहे. तू उघड. आणि मग कागद घे, मोबाईल नाही, आणि आपल्या हातानं लिही.

जेवढे त्याचे असतील तेवढेच लिही. एक नग वाढवू नको. मला माहीत आहे तुझा हात वाढवायला जाईल, पोरीचाही गेला होता. आपल्या मायेनं त्याला एकदा फसवून झालं. कमी असतील तर कमी लिही, पण खाली हेही लिही की त्यातला एक एक नग त्यानं कळत नसलेल्या हातानं, मशीन थांबवून, बोटं बघून केला, आणि हे तुला दिसलं नाही. माफी वगैरे तुला वाटली तर लिही, मी सांगते म्हणून नको.

पोस्टात टाकायचं नाही. उद्या रविवार आहे, कारखाना बंद. सायखेड्याला जा, त्याच्या हातात दे, डाव्या हातात, आणि त्याचं वाचून होईपर्यंत समोरून उठायचं नाही. तो हळू वाचतो.

मी तुझी आई आहे आणि माझा जीव तुझ्यावरही आहे, हे काही वेगळं लिहायला नको.

पण उत्तर तू द्यायचं. संजनानं नाही, बहिरूनं नाही, मीही नाही. तू.

शकुबाई